पुंगोल की टॅम्पिनीस? सिंगापूरच्या उपनगरात भाड्याने घर घेताना

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: यजमानांची नोकरी चांगी बिझनेस पार्कमध्ये, दोन वर्षांचं पोस्टिंग. मुलगी सहा वर्षांची, तिला भारतीय शाळेत घालायचंय. पुण्याहून सासूबाई अधूनमधून येऊन राहणार. बजेट महिना ३,२०० सिंगापूर डॉलर. घर पुंगोलला घ्यावं की टॅम्पिनीसला, एचडीबीचं (म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेलं) की कॉन्डो (खाजगी संकुलातला फ्लॅट), आणि कुठे फसायला होतं?

मी इथे गेली चौदा वर्षं नोंदणीकृत एजंट म्हणून काम करते. माझे बहुतेक व्यवहार भाड्याचे, आणि भाडेकरू बहुतेक भारतातून पहिल्यांदाच येणारी कुटुंबं. त्याआधी सहा वर्षं मी स्वतः भाड्याच्या घरात काढली आहेत.

थेट उत्तर आधी देते. शाळा पुंगोलमधली ग्लोबल इंडियन पक्की झाली असेल तर पुंगोल. शाळा अजून ठरायची असेल, किंवा पूर्वेकडच्या ‘चाय ची’ या भागातली एखादी ठरली, तर टॅम्पिनीस. या बजेटमध्ये एचडीबीचा चार-रूम फ्लॅट बघा. कॉन्डोत स्विमिंग पूल मिळतो, गेटवर पहारेकरी मिळतो, आणि त्याच पैशात एक बेडरूम कमी मिळते. सासूबाई येणार असतील तर ती बेडरूम महत्त्वाची आहे.

आता कारणं. मी प्रत्येक कुटुंबाला पहिली गोष्ट हीच सांगते की भाडेकरूने आजचं गाव बघावं, उद्याचं गाव घरमालकाचं असतं. या दोन्ही वसाहती आपोआप वाढलेल्या नाहीत, कागदावर आखून उभ्या केलेल्या आहेत. सिंगापूर सगळं मिळून सुमारे ७३५ चौरस किलोमीटरचं बेट. १९६० साली हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे एचडीबी, स्थापन झालं आणि झोपड्या-खेड्यांतल्या लोकांना उंच इमारतींमध्ये आणायला सुरुवात झाली. आज इथल्या दर दहा रहिवाशांपैकी जवळजवळ आठ जण एचडीबीच्या घरात राहतात. म्हणजे ही ‘सरकारी क्वार्टर्स’ नव्हेत, हेच इथलं नेहमीचं घर आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुण्यातून फोनवर बोलणारी निम्मी मंडळी ‘एचडीबी’ म्हटलं की आवाज पाडतात.

आखलेलं गाव आखल्याबरोबर उभं राहतं असं मात्र नाही. पुंगोल हे आधी कोळ्यांचं गाव, मग तिथे कोंबड्या आणि डुकरं पाळण्याचे फार्म होते. १९९६ मध्ये ‘पुंगोल २१’ नावाचा मोठा आराखडा जाहीर झाला, पाठोपाठ १९९७चं आशियाई आर्थिक संकट आलं आणि बरंचसं काम थंडावलं. जे लोक आराखड्यावर विश्वास ठेवून आधी राहायला गेले त्यांच्या आजूबाजूला अनेक वर्षं मोकळी माळरानं होती. २००७ मध्ये योजना नव्याने हातात घेतली गेली, २०११ मध्ये ४.२ किलोमीटरचा वॉटरवे, म्हणजे गावातून जाणारा कृत्रिम जलमार्ग, झाला, आणि मग गावाला रूप आलं. नवी मुंबई जवळून पाहिलेल्यांना हे नवं वाटणार नाही. सिडको १९७० सालची, आणि वाशीला लोकल पोहोचली १९९२ मध्ये.

म्हणून जाहिरातीत ‘येऊ घातलेल्या क्रॉस आयलंड लाइनजवळ’ असं लिहिलेलं दिसलं की त्या ओळीला शून्य किंमत द्या. या मेट्रो मार्गाचा पहिला टप्पा २०३० मध्ये आणि पुंगोलकडे येणारा फाटा २०३२ मध्ये सुरू करायचं नियोजन आहे. तुमचा करार त्याच्या आधी संपलेला असेल. त्या स्टेशनमुळे घराची किंमत वाढेल ती मालकाची. तुम्ही आज भाडं भरताय ते आज चालणाऱ्या गाडीसाठी.

आज चालणाऱ्या गाड्यांचं गणित असं आहे. चांगी बिझनेस पार्कचं स्टेशन एक्स्पो. टॅम्पिनीसहून डाउनटाउन लाइनने ते तिसरं स्टेशन आहे. दारातून निघून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत अर्धा तास लागणार नाही. पुंगोलहून मात्र मेट्रोने गेलात तर आधी शहराच्या दिशेने खाली जाऊन गाड्या बदलत परत पूर्वेला यावं लागतं. त्यापेक्षा बसने टॅम्पिनीसला येऊन तिथून मेट्रो पकडणं बरं. तरीही सकाळच्या वेळी तासाच्या आसपास धरा. मग मी पुंगोल का सुचवते? कारण सहा वर्षांची मुलगी. टॅम्पिनीसहून पुंगोलच्या शाळेत स्कूलबसने जाता येतं, पण बस वाटेत मुलं घेत घेत जाते, म्हणजे मुलीला पहाटे उठवावं लागतं. मोठ्या माणसाने तासभर गाडीत डुलकी काढावी आणि मुलीला शाळा चालत दहा मिनिटांवर असावी, हे माझं मत आहे. ज्यांनी उलट केलं त्यातल्या तीन कुटुंबांनी वर्ष संपल्यावर माझ्याकडूनच घर बदललं.

किराण्याची काळजी दोन्हीकडे नको. पुंगोल नॉर्थ ईस्ट लाइनवर आहे, टॅम्पिनीस डाउनटाउन लाइनवर, आणि दोन्ही मार्ग थेट लिटल इंडियाला जातात. फॅरर पार्कला उतरलात की मुस्तफा हे मोठं दुकान, लिटल इंडियाला उतरलात की टेक्का मार्केट. कोथिंबिरीची जुडी, गवार, कढीपत्ता, हातसडीचे पोहे सगळं मिळतं. ज्वारीचं पीठही मिळतं, फक्त ताजं आहे का ते पिशवीवर बघून घ्यावं.

गाव ठरलं की ब्लॉक. इथे लोक सर्वांत जास्त चुकतात, कारण नकाशावर सगळं जवळ दिसतं. पुंगोलमध्ये मुख्य स्टेशनापासून आतल्या भागात एलआरटी नावाची छोटी, उंचावरून धावणारी गाडी फिरते. तिच्या स्टेशनांची नावं वाचताना मला अजून मजा वाटते: एक आहे समुदेरा, म्हणजे आपला समुद्रच, आणि एक कडलूर, तमिळमधलं समुद्रकाठचं गाव. जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असतं ते पुष्कळदा या एलआरटीपासून, मेट्रोपासून नव्हे. हा फरक रोजच्या पंधरा मिनिटांचा आहे.

घर बघायला दुपारी चारनंतर जा. शक्य असेल तर पावसात जा. इथे दुपारी ढग भरून येतात आणि अर्ध्या तासात रस्ता धुऊन निघतो, वर्षभर. ब्लॉकच्या पायथ्यापासून स्टेशनपर्यंत छत असलेली पायवाट सलग आहे की मध्ये पन्नास पावलं उघडी आहेत, हे पावसातच कळतं. एका हातात दप्तर, एका हातात मूल, आणि छत्री धरायला तिसरा हात नाही, अशा वेळी त्या पन्नास पावलांची किंमत कळते. दुपारनंतर जाण्याचं दुसरं कारण ऊन. हॉलच्या किंवा बेडरूमच्या खिडक्या पश्चिमेला असतील तर भिंती रात्री नऊपर्यंत तापलेल्या राहतात आणि एसीचं बिल त्याप्रमाणे येतं. इथले एजंट त्याला ‘वेस्ट सन’ म्हणतात. सकाळी अकराला घर दाखवण्याचा आग्रह कोणी फार धरला, तर तुम्ही पाचला जायचा आग्रह धरा.

फ्लॅटची मोजणी आपल्यापेक्षा वेगळी आहे, तीही समजून घ्या. एचडीबीच्या भाषेत हॉलही एक रूम धरतात. म्हणून तीन-रूम म्हणजे दोन बेडरूम, आणि चार-रूम म्हणजे आपला थ्री बीएचके, साधारण ९० चौरस मीटर. पाच-रूममध्येही बेडरूम बहुधा तीनच असतात, हॉल मोठा असतो. साधारण १९९७ नंतर बांधलेल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची आणि पोलादी दाराची एक छोटी कोठडी असते. ती आणीबाणीत आसरा घेण्यासाठी आहे. एरवी सगळे तिथे सामान ठेवतात, आपले लोक पिठाचे डबे आणि दिवाळीचे कंदील. तिच्या भिंतींना मात्र ड्रिल लावायचं नाही.

आता कायद्याची बाजू, आणि इथे वेळ द्या. एचडीबीचा अख्खा फ्लॅट परदेशी माणसाला भाड्याने देण्यावर कोटा आहे. मलेशियन सोडून इतर परकीय नागरिकांसाठी ही मर्यादा वस्तीत ८ टक्के आणि एका ब्लॉकमध्ये ११ टक्के. कोटा भरलेला असेल तर मालकाची कितीही इच्छा असली तरी तो तुम्हाला अख्खा फ्लॅट देऊ शकत नाही. पुंगोलच्या शाळेजवळच्या ब्लॉकांमध्ये भारतीय कुटुंबांची मागणी जास्त, त्यामुळे ही अडचण तिथे खरोखर येते. घर आवडलं की पहिला प्रश्न कोट्याचा विचारा, पैसे त्यानंतर.

दुसरं, मालकाला फ्लॅट घेतल्यापासून किमान पाच वर्षं स्वतः राहावं लागतं, त्याआधी तो अख्खा फ्लॅट भाड्याने देऊ शकत नाही. काही मालक यातून पळवाट काढतात. एका बेडरूमला कुलूप लावतात, आपण तिथे राहतो असं दाखवतात, आणि बाकी घर तुम्हाला देतात. भाडं शंभर-दोनशे डॉलर कमी असतं म्हणून मोह होतो. एचडीबीच्या तपासणीत हे उघडकीला आलं की मालकावर कारवाई होते आणि तुम्हाला घर सोडावं लागतं, शाळेचं वर्ष अर्ध्यावर असतानाही. कुलूपबंद खोली असलेलं घर मी कोणालाच घेऊ देत नाही.

करार किमान सहा महिन्यांचा लागतो, आणि तुमच्यासारख्या कुटुंबासाठी एका अर्जावर जास्तीत जास्त दोन वर्षं. अर्जाच्या दिवशी तुमच्या वर्क पासची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. मालकाने एचडीबीकडे तुमची भाडेकरू म्हणून नोंद केली की नाही, हे सिंगपासने (इथल्या सरकारी डिजिटल ओळखीने) लॉगिन करून स्वतः तपासा.

पैशांचा क्रम असा असतो. घर पसंत पडलं की ‘लेटर ऑफ इंटेंट’, म्हणजे घर घ्यायची तयारी कळवणारं पत्र, देतात आणि सोबत एक महिन्याचं भाडं. ते पुढे पहिल्या महिन्याचं भाडं किंवा डिपॉझिट म्हणून धरलं जातं. दोन वर्षांच्या करारावर डिपॉझिट दोन महिन्यांचं. वर स्टॅम्प ड्युटी, एकूण भाड्याच्या ०.४ टक्के, ती भाडेकरू भरतो. ३,२०० च्या हिशेबाने दोन वर्षांचं भाडं ७६,८०० होतं, त्यावर ड्युटी ३०७ डॉलर. म्हणजे घराची किल्ली हातात येईपर्यंत ६,४०० डिपॉझिट, ३,२०० पहिलं भाडं आणि ३०७ ड्युटी मिळून ९,९०७ डॉलर लागले. वीज-पाण्याच्या खात्याचं डिपॉझिट आणि स्वतःचा एजंट घेतलात तर त्याचं कमिशन वेगळं. ही रक्कम पहिला पगार हातात येण्याआधी लागते, तेव्हा कंपनीकडून आगाऊ मिळते का ते पुण्यातूनच विचारून या. स्टॅम्प ड्युटी सही झाल्यापासून १४ दिवसांत भरा. ड्युटी न भरलेला करार कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आणि भांडण झालं की मालकाला नेमकं तेच हवं असतं.

भाडं वाजवी आहे का ते एजंटच्या तोंडून ऐकू नका, माझ्याही नाही. एचडीबी दर तिमाहीला गावनिहाय आणि फ्लॅटच्या प्रकारानुसार भाड्याचे आकडे प्रसिद्ध करतं, ते बघून या.

एजंटबद्दल. इथे काउन्सिल फॉर इस्टेट एजन्सीज ही नियामक संस्था २०१० पासून आहे आणि प्रत्येक एजंटची नोंद तिच्या सार्वजनिक यादीत असते. जाहिरातीतला फोन नंबर त्या यादीत टाका. नंबर जुळला नाही तर पुढे बोलू नका. एकाच व्यवहारात एका एजंटला मालक आणि भाडेकरू दोघांचं काम घेता येत नाही. तेव्हा मालकाचा एजंट गोड बोलत असला तरी तो मालकाचा आहे. आणि एचडीबीच्या भाड्याच्या व्यवहारात एजंटला भाडं-डिपॉझिटच्या पैशांना हात लावायची परवानगीच नाही. पैसे थेट मालकाच्या खात्यात, मालकाने फ्लॅटची मालकी एचडीबीच्या खात्यातून उघडून दाखवल्यानंतर. घर बघण्याआधी ‘बुकिंगसाठी’ पैसे मागणारा माणूस ठग आहे. पुण्यात बसून व्हिडिओवर घर पसंत करून पैसे पाठवू नका, अगदी घाई असली तरी. पहिले तीन-चार आठवडे सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये काढा.

करारातलं एक कलम मी ओळीओळीने वाचून घेते, ते म्हणजे डिप्लोमॅटिक क्लॉज. दोन वर्षांच्या करारात हे कलम असलंच पाहिजे. साधारण अर्थ असा की १२ महिने पूर्ण झाल्यावर, नोकरी गेली किंवा सिंगापूरबाहेर बदली झाली, तर दोन महिन्यांची नोटीस देऊन करार मोडता येतो. म्हणजे प्रत्यक्षात किमान १४ महिने. आता शब्द बघा. काही मसुद्यांत फक्त ‘बदली’ लिहिलेलं असतं, नोकरी संपणं किंवा वर्क पासचं नूतनीकरण नाकारलं जाणं लिहिलेलं नसतं. हे तिन्ही शब्द आले पाहिजेत. नोकरी गेली की पास रद्द होतो आणि देश सोडायला साधारण महिनाभर मिळतो. त्याच काळात इन्कम टॅक्सचा हिशेब पूर्ण होईपर्यंत कंपनीला तुमचा शेवटचा पगार अडवून ठेवावा लागतो. हातात पैसा नाही, मुदत संपत आलेली, आणि मालक उरलेल्या दहा महिन्यांचं भाडं मागतोय, अशी कुटुंबं माझ्या समोर बसून रडली आहेत. एका ओळीने हे टळलं असतं. एक वर्षाच्या करारात हे कलम सहसा मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

किल्ली मिळण्याचा दिवस. हे मी स्वतः पोळून शिकले. आमच्या पहिल्या घरात स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं कपाट आधीपासून फुगलेलं होतं. आतला पार्टिकल बोर्ड पाण्याने बिस्किटासारखा झाला होता. आम्ही दार उघडून पाहिलंच नाही. दोन वर्षांनी घर सोडताना मालकाने त्याच कपाटाचे डिपॉझिटमधून ९०० डॉलर कापले आणि आमच्याकडे दाखवायला एक फोटो नव्हता. तेव्हापासून मी हॅंडओव्हरला टॉर्च घेऊन जाते. सिंकखाली गुडघ्यावर बसते, बोट लावून बघते. बाथरूमच्या कडांचं सिलिकॉन काळं पडलंय का, फ्रिजच्या दाराचं रबर फाटलंय का, वॉशिंग मशीनच्या मागची भिंत ओली आहे का. प्रत्येक एसी वीस मिनिटं चालवून पाणी टपकतंय का ते बघते, प्रत्येक खिडकीची ग्रिल सरकवून बघते. प्रत्येक गोष्टीचा फोटो, एक सलग व्हिडिओ, आणि त्याच रात्री मालकाला ईमेल. बऱ्याच करारांत पहिले ३० दिवस ‘प्रॉब्लेम-फ्री’ धरलेले असतात, त्या काळात निघालेली दुरुस्ती मालकाची. त्यानंतर छोट्या दुरुस्त्यांचे पहिले दीडशे-दोनशे डॉलर भाडेकरूचे. एसीची सर्व्हिसिंग दर तीन महिन्यांनी तुम्ही करायची आणि पावत्या जपून ठेवायच्या. शेवटी डिपॉझिटवरून जी भांडणं होतात त्यातली बरीच त्या पावत्यांवरून होतात.

मालकाने तरीही डिपॉझिट अडवलं, तर स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल आहे. दोन वर्षांपर्यंतच्या घरभाड्याच्या करारातले २०,००० डॉलरपर्यंतचे दावे तिथे चालतात, वकील लागत नाही, चालतही नाही. एकदा दावा दाखल झाला की पुष्कळ मालक बोलणी करायला तयार होतात. घाबरू नका, तुमची बाजू कागदावर असेल तर जा.

स्वयंपाकाचं बोलायलाच हवं. फोनवर ‘इंडियन फॅमिली’ म्हटलं की काही मालक नाही म्हणतात. हे लागतं, मलाही इतक्या वर्षांनी लागतं. जाहिरातीत असा भेद करू नये अशा एजंटांना सूचना आहेत, त्यामुळे तो छापील दिसत नाही, पण ‘लाइट कुकिंग ओन्ली’ या शब्दांत येतो. याचा अर्थ गोल-गोल ठेवून करार करू नका. मी सरळ सांगते: हे कुटुंब रोज दोन वेळा जेवण बनवतं, फोडणी देतं, मासे नाही पण मसाला आहे. ‘रोजच्या स्वयंपाकाला परवानगी’ हे लेटर ऑफ इंटेंटमध्येच लिहून घ्या. जो मालक ते मान्य करतो तो दोन वर्षं त्रास देत नाही. २०११ मध्ये शेजाऱ्यांच्या करीच्या वासावरून झालेला एक वाद वर्तमानपत्रात आला, तेव्हा इथल्या हजारो लोकांनी, चिनी-मलय सगळ्यांनी, एक दिवस ठरवून घरोघरी करी शिजवली होती. हे शहर असंही आहे.

तुमच्या बाजूने काळजी घ्यायची ती हळदीची. नव्या फ्लॅटमध्ये ओटा पांढऱ्या क्वार्ट्झचा असतो. ओली हळद किंवा लोणच्याचा खार रात्रभर राहिला तर पिवळा डाग बसतो तो जात नाही, आणि अख्ख्या ओट्याची किंमत मागणारे मालक मी पाहिलेत. फोडणीच्या जागेखाली जुनी स्टीलची परात पालथी घालून ठेवा. चिमणीची जाळी दर महिन्याला गरम पाण्यात सोड्याने धुवा. स्वयंपाकघर दाराचं, बंद होणारं बघा. उघडं, हॉलला जोडलेलं दिसायला छान, पण पडद्यांना मेथीचा वास धरतो.

राहायला गेल्यावरचं थोडं. ब्लॉकच्या तळाला मोकळी जागा असते, तिला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे या आठवड्यात मलय कुटुंबाचं लग्न असेल, पुढच्या आठवड्यात चिनी कुटुंबाची अंत्ययात्रेची तयारी, तीन ते पाच दिवस, मंडप आणि मंत्रांसह. मुलीला आधीच सांगून ठेवा, घाबरणार नाही. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात पूर्वजांसाठी कागद जाळतात, आपल्या पितृपक्षाच्या जवळपासच. त्या दिवसांत वाळत घातलेल्या कपड्यांवर राख येते. तक्रार करू नका, कपडे आत घ्या. सामायिक पॅसेजमध्ये चपलांचं कपाट वाट अडवेल असं ठेवू नका, आगीच्या वेळी तीच वाट लागते.

दमट हवेत चामड्याचे बूट आणि पैठण्या दोन्हींना बुरशी धरते. साड्या कपाटात घट्ट रचू नका, महिन्यातून एकदा एसीच्या खोलीत उघड्या पसरा. पापड-कुरडया हवाबंद डब्यातच.

आणि तुळस. घरात साचलेलं पाणी शोधायला पर्यावरण खात्याचे अधिकारी दारावर येतात, कारण बेटावर डेंग्यू आहे. कुंडीखालच्या ताटलीत चमचाभर पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तरी दंड होतो आणि तो राहणाऱ्याला होतो. माझ्या एका भाडेकरूला दंड झाला तो वृंदावनाच्या ताटलीमुळे. ताटली काढून टाका, किंवा तिच्यात वाळू भरा.

गणपती घरी बसवणार असाल तर शाडूचा, आणि विसर्जन बादलीत. पुंगोलचा वॉटरवे कितीही आपल्या नदीसारखा वाटला तरी त्याच्या दोन्ही टोकांना पिण्याच्या पाण्याचे जलाशय आहेत, तिथे फूलसुद्धा टाकायचं नाही. सार्वजनिक आरतीला महाराष्ट्र मंडळाचा गणपती असतो, पहिल्या वर्षी तिथे नक्की जा. मुलीच्या वयाची मराठी मुलं तिथेच भेटतात.

राहता राहिल्या सासूबाई. त्या व्हिजिट पासवर येणार, म्हणजे त्या पाहुण्या, भाडेकरू नव्हेत. तरी येण्याआधी मालकाला तारखांसह लेखी कळवा. आरोग्य विमा पुण्यातून काढूनच आणा, परदेशी माणसाला इथे दवाखान्यात सवलत नाही. ब्लॉक निवडताना त्यांचा विचार करून एक बघा: लिफ्ट तुमच्या मजल्यावर थांबते ना, आणि खाली उतरल्यावर बसायला बाक आहे ना. पुंगोलमध्ये मी ज्या आज्यांना घरं दिली आहेत त्यांतल्या चौघी-पाचजणी संध्याकाळी साडेसहाला वॉटरवेच्या काठाने चालतात. एक नागपूरची, एक बेळगावची, एक तेलुगू आहे. रोज ‘बेंच के पास मिलते हैं’ असं ठरतं. सासूबाईंचं तिकीट निघालं की मला कळवा, त्यांचा निरोप तिथे पोहोचवते.